जुन्या जीपगाडीची निगा व सुधारणा

सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील मोठा वाटा सप्टेंबरात येतो. भारी काळ्या जमिनीतून गेलेल्या पाणंदी त्या दिवसांत साध्या मोटारीस बंद होतात. दुधाचे कॅन डांबरी रस्त्यापर्यंत नेणे असो की आजारी माणसास रात्री तालुक्याच्या गावी पोहोचविणे असो, वस्तीवरील जुनी चारचाकी जोराची जीपच अशा वेळी उपयोगी पडते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास योजना सुरू झाली. पुढे विकास गटांच्या कामामुळे ही गाडी खेड्यापाड्यांत परिचित झाली. निकालात काढलेल्या सरकारी जीपगाड्या लिलावात घेऊन वर्षानुवर्षे चालविणारे शेतकरी आपल्याकडे आहेत. गाडीची बांधणी साधी असल्याने पुष्कळशी निगा मालकास घरीच राखता येते.

प्रथम ब्रेकचा विचार करू, कारण तेथे जिवाशी गाठ असते. फार जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला एकाच मास्टर सिलिंडरमधून तेल जाते. एका चाकाचा सिलिंडर गळू लागला की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून ड्रमच्या आतील बाजूस ओल दिसते काय, हे दर आठवड्यास पाहावे. ब्रेकच्या तेलात हवेतील ओलावा मुरतो. ते दोन वर्षांनी बदलावे. त्यात इंजिनाचे तेल कधीही घालू नये. त्याने रबरी वॉशर फुगतात व ब्रेक अडकून बसतो. दोन विभागांचा मास्टर सिलिंडर बसवून घेणे ही माझ्या मते जुन्या जीपवरील सर्वांत मोलाची सुधारणा होय. रुंद टायर व झगझगीत दिवे यांवर खर्च करणाऱ्यांनी आधी हे काम करावे.

हातब्रेकसंबंधी एक गोष्ट ग्रामसेवकांनी प्रत्येक जीपमालकास आवर्जून सांगावी. या गाड्यांपैकी पुष्कळांचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागील एक चाक जॅकने उचलले, की डिफरन्शिअलमुळे ते अधांतरी चाक उलटे फिरते, जमिनीवरचे दुसरे चाक मोकळे होते व हातब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून सरकते. चाक उचलण्यापूर्वी समोरच्या चाकांच्या पुढेमागे मोठे दगड लावावेत. गाडीखाली शिरावयाचे असल्यास केवळ जॅकवर विसंबू नये. लाकडी ठोकळे द्यावेत.

सुकाणू हलके भरकटत असेल तर दोष शोधण्याची रीत सोपी आहे. समोरचे चाक उचलून वर व खाली धरून हलवावे. चाक खेळत असल्यास दुसऱ्या माणसास पायाचा ब्रेक दाबावयास सांगावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर चाकाचे बेअरिंग ढिले आहे. तसाच राहिला तर किंगपिनच्या बेअरिंगची झीज झाली आहे असे समजावे. चाक उजव्या-डाव्या बाजूंनी धरून हलविल्यास टायरॉडच्या सांध्यांचा ढिलेपणाही कळतो.

ओढ्यानाल्यातून गाडी नेणाऱ्यांनी ॲक्सलवरील लहानशा श्वासनळीकडे लक्ष द्यावे. चालून तापलेला ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आतील हवा आकसते. नळी चिखलाने बुजलेली असेल, तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. नळीला रबरी नळी जोडून तिचे तोंड गाडीच्या सांगाड्याइतके उंच न्यावे. खर्च किरकोळ, लाभ मोठा! तरीही पाण्यातून गेल्यावर डिफरन्शिअलचे तेल तपासावे. ते दुधासारखे पांढुरके दिसले तर तत्काळ बदलावे. पुढील चाकांच्या गोलाकार सांध्यांवर वाळलेला चिखल सील कापतो; तो त्याच संध्याकाळी धुऊन काढावा व निपलमधून ग्रीस भरावे.

उन्हाळ्यात धुळीचे संकट. तेलाच्या हवागाळणीतील वाटी धुळीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा रॉकेल किंवा डिझेलने धुऊन खुणेपर्यंतच तेल भरावे. खुणेच्या वर भरल्यास तेल इंजिनात ओढले जाते, आणि डिझेल इंजिन त्या तेलावर आवरेनासे धावू शकते. डायनामोच्या जागी आल्टरनेटर बसविल्यास मंद वेगातही बॅटरी भरते. एवढे विजेविषयी पुरे.

चारही चाकांचा जोर चिखलात शिरण्यापूर्वी लावावा, रुतल्यावर नव्हे. डांबरी सडकेवर येताच तो काढावा. या गाड्यांत पुढच्या व मागच्या ॲक्सलमध्ये डिफरन्शिअल नसल्याने कोरड्या कठीण रस्त्यावर वळताना शाफ्ट व गिअरवर ताण साठतो. याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले हवेत.

इंजिन बदलणे अथवा सांगाडा लांबविणे या गोष्टी मात्र मिस्त्रीच्या शब्दावर करू नयेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार करता येत नाही. इंधन बदलण्याच्या मान्यताप्राप्त संचासारखे जे बदल चालतात, त्यांचीही नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. अपघात झाल्यास विमा कंपनी प्रथम हीच नोंद पाहते. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते व पुढे पाच-पाच वर्षांसाठी तपासणीनंतर नूतन होते. त्या तपासणीस गाडी नेण्यापूर्वी वरील ब्रेकची व सुकाणूची परीक्षा घरीच करून घ्यावी.