रिपोर्ट नॉर्मल आला तरी गोळी का सोडू नये

रक्तात वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत नाही आणि खुपतही नाही. त्यामुळे ते उतरवणारी गोळी घेतली काय किंवा चुकवली काय, त्या दिवशी रुग्णाला कोणताच फरक जाणवत नाही, आणि औषध मध्येच सुटण्याचे एक मोठे कारण हेच असते. दीर्घकालीन आजारांत उपचार नेमाने पाळणाऱ्यांचे प्रमाण विकसित देशांतही सरासरी ५० टक्क्यांच्याच आसपास असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात नोंदवले आहे; तेव्हा गोळी सोडणाऱ्याला बेफिकीर ठरवून हा प्रश्न सुटत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबातील एका ज्येष्ठ गृहस्थांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर सुरू झालेली स्टॅटिन गटातील गोळी ‘रिपोर्ट नॉर्मल आला, आता कशाला’ असे म्हणून परस्पर बंद केली, आणि पुढच्या तपासणीत एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचणारे कोलेस्टेरॉल, पुन्हा पूर्वीइतकेच वाढलेले आढळले. स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्यासाठी लागणाऱ्या एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, रोखते, त्यामुळे यकृताच्या पेशी रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेतात; औषध थांबले की ही क्रिया मंदावते आणि काही आठवड्यांतच आकडा वर चढतो. नॉर्मल आलेला आकडा बहुधा गोळी चालू असल्यामुळेच नॉर्मल असतो, ही गोष्ट रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगितली गेली पाहिजे.

दुसरा अडसर दुष्परिणामांच्या भीतीचा असतो. स्टॅटिन सोडून दिलेल्या रुग्णांना आलटूनपालटून खरी गोळी किंवा औषध नसलेली हुबेहूब गोळी देऊन आणि काही काळ काहीच न देता केलेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘सॅमसन’ या अभ्यासात, खऱ्या गोळीच्या काळात जाणवलेल्या त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग औषध नसलेल्या गोळीनेही जाणवला. अर्थात दुखणे खोटे नसते, म्हणून ‘मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून ते उडवून न लावता डॉक्टरांपुढे ठेवावे, कारण मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येते. मात्र स्नायूंत तीव्र वेदना, अशक्तपणा, गडद रंगाची लघवी किंवा कावीळ दिसल्यास विलंब न लावता डॉक्टरांना गाठावे.

घरच्यांनी व औषध देणाऱ्यांनी ‘गोळी घेतली ना?’ असे दरडावण्याऐवजी ‘या आठवड्यात किती वेळा राहिली आणि कशामुळे?’ असे विचारावे, म्हणजे विसर, खर्च आणि भीती यांतले नेमके कारण पुढे येते. विसर पडत असेल तर गोळी रोजच्या ठरलेल्या कामाशी जोडावी: अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन व रोझुव्हास्टॅटिन दिवसातल्या कोणत्याही एका ठरावीक वेळी चालतात, सिम्व्हास्टॅटिन मात्र सहसा रात्री देतात. वारांचे कप्पे असलेली डबी उपयोगी पडते. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत, आणि पाकीट संपण्याआधीच नवे आणावे. खर्च जड जात असेल तर डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातील जेनेरिक औषध घ्यावे. पथ्य आणि व्यायाम आवश्यकच आहेत, पण ते गोळीच्या जोडीला असतात. तरीही रुग्णाला गोळी नकोशी वाटू लागली, तर त्याने ती मनाने बंद करण्याआधी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे, आणि तेवढा मोकळेपणा त्याला वाटेल असे वातावरण राखणे हे त्याच्या भोवतीच्या माणसांचे काम आहे.