विजेचे बिल वाचू या

मुलांनो, दर महिन्याला तुमच्या घरी विजेचे बिल येते. ते कोण वाचते? पुष्कळ घरांत रक्कम आणि शेवटची तारीख एवढेच पाहतात. बिल मराठीत असते. अम्मी-अब्बांचे शिक्षण उर्दूतून झालेले असते, किंवा शाळा लवकर सुटलेली असते. मग तो कागद तारेला अडकवला जातो. आज तो तारेवरून काढा आणि समोर ठेवा.

घाबरू नका. त्यातले बरेच शब्द तुमच्याच घरचे आहेत. रक्कम, तारीख, मंजूर, बाकी हे शब्द उर्दूत आहेत, तसेच मराठीतही आहेत. काही शब्द मात्र फसवतात. उर्दूत हफ्ता म्हणजे आठवडा. मराठीत हप्ता म्हणजे थोडी थोडी करून भरायच्या रकमेचा एक भाग. उर्दूत तकरार म्हणजे वाद किंवा तेच ते पुन्हा बोलणे. मराठीत तक्रार म्हणजे शिकायत. उर्दूतली सहूलत मराठीत सवलत झाली, आणि तिचा एक अर्थ पैशांत मिळणारी सूट असाही आहे.

आधी सवलतीचे पाहू. महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालील घरांसाठी विजेचा वेगळा, स्वस्त दर आहे. त्यासाठी दोन अटी लक्षात ठेवा. घराचा मंजूर भार 0.25 किलोवॅटपर्यंत असावा, आणि मागच्या आर्थिक वर्षात 360 युनिटांपेक्षा जास्त वीज वापरलेली नसावी. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते व 31 मार्चला संपते. मर्यादा ओलांडली, की ते घर सर्वसाधारण घरगुती दरात जाते.

360 युनिटे म्हणजे दिवसाला जेमतेम एक युनिट. 1000 वॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट होते. आता अहिल्यानगरच्या झेंडीगेट भागातले एखादे दोन खोल्यांचे घर डोळ्यांपुढे आणा. 9 वॅटचे दोन एलईडी दिवे पाच तास जळले, तर 0.09 युनिट. 75 वॅटचा पंखा दहा तास फिरला, तर 0.75 युनिट. 60 वॅटचा टीव्ही तीन तास चालला, तर 0.18 युनिट. बेरीज करा. 1.02 युनिट! इस्त्री तर अजून हातातही घेतली नाही. दिवे 60 वॅटचे जुने असते, तर त्यांनीच 0.60 युनिट खाल्ले असते. बरे, आपल्या जिल्ह्यात थंडीत पंखा बंद असतो, म्हणून वर्षाचा हिशेब कसाबसा जमतो. ही मर्यादा फार तोकडी आहे असे मला वाटते. पण ती ठाऊक असेल, तर घर सांभाळून वापर करू शकते.

आता चालू रीडिंग पाहा. त्यातून मागील रीडिंग वजा करा. उत्तर म्हणजे वापरलेली युनिटे. मग मीटरजवळ जाऊन तिथला आकडा ताडून पाहा. घर बंद असेल किंवा मीटर बिघडला असेल, तर सरासरीने बिल येते, आणि ते कधी कधी भलतेच मोठे असते.

असे बिल आले, तर तक्रार करावी. महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. 1912 या क्रमांकावर फोनही करता येतो. (जुनी माणसे अजून 'एमएसईबी'च म्हणतात, त्या मंडळाच्या 2005 मध्ये वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. श्रीरामपूर-राहुरीकडे मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था वीज देत असे; 2011 पासून तिथेही महावितरण आहे.)

बिल थकले, तर वीज लगेच तोडता येते का? नाही. वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल, तर आपली हरकत नोंदवून, मागील सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम किंवा मागितलेली रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरावी. मग वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. बिल बरोबर आहे, पण हातात पैसे नाहीत, असे असेल तर हप्ते पाडून मागण्याचा अर्ज करावा. तो नोटिशीची वाट न पाहता करावा. थकबाकीची वसुली मार्चमध्ये जोरात असते, आणि दहावीची परीक्षाही त्याच सुमारास असते.

स्वाध्याय

1. हप्ता, तक्रार, सवलत हे शब्द वापरून एकेक वाक्य लिहा.

2. तुमच्या घरी रोज किती युनिटे लागतात, याचा वरीलप्रमाणे हिशेब करा.

3. चालू रीडिंग आणि मीटरवरचा आकडा जुळत नाही, असे समजून वडिलांच्या नावाने तक्रार अर्ज लिहा.