मोटारीचे सुकाणू आणि स्प्रिंगा

इंजिन बिघडले तर मोटार थांबते. सुकाणूचा सांधा निखळला तर ती थांबत नाही. चालकाच्या इच्छेविरुद्ध भलत्याच दिशेला जाते. चोर्ला घाटासारख्या वळणाच्या रस्त्यावर असे घडले तर काय होईल, हे निराळे सांगावयास नको. पुष्कळ घरांतून मोटारीची किरकोळ दुरुस्ती आता घरीच केली जाते, आणि मुलेही वडिलांच्या हाताखाली पाने पुरविण्यास उभी राहतात. म्हणून या भागांचे शास्त्र आणि ते बदलण्याची रीत या लेखात आम्ही थोडक्यात सांगणार आहोत.

प्रथम स्प्रिंगांचा विचार करू. स्प्रिंग जितकी ताणावी किंवा दाबावी, तितक्या प्रमाणात तिचा प्रतिकार वाढतो. हा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १८०४ मध्ये इंग्लंडमध्ये ओबडाया इलियट याने पोलादी पाट्यांच्या कमानी घोडागाडीस बसविण्याचे पेटंट घेतले. परंतु स्प्रिंग केवळ धक्का झेलते. झेललेली शक्ती ती लगेच परत करते. खड्ड्यातून बाहेर पडलेली गाडी त्यामुळे बराच वेळ हेलकावत राहील आणि चाक रस्ता सोडून उडू लागेल. ते हेलकावे शमविण्याचे काम शॉकॲब्सॉर्बर करतो. त्याच्या नळीतील तेल बारीक छिद्रांतून जाताना अडते आणि गतीचे रूपांतर उष्णतेत होते. स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर, चाकांना जागेवर धरणारे दांडे आणि त्यांच्या टोकांचे रबरी बुश या सर्वांस मिळून सस्पेन्शन म्हणतात.

आता सुकाणू पाहू. वळताना आतल्या चाकाचे वर्तुळ लहान असते व बाहेरच्या चाकाचे मोठे. तेव्हा दोन्ही चाके सारख्याच कोनातून वळविली तर त्यांपैकी एक घासत जाईल. म्युनिचच्या लांकेन्स्पर्गर नावाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने यावर १८१७ मध्ये युक्ती काढली. आतले चाक अधिक वळेल अशी त्याने दांड्यांची जुळणी केली. १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये रुडॉल्फ ॲकरमन याने तिचे पेटंट घेतले, आणि म्हणून ती ॲकरमनच्याच नावाने ओळखली जाते.

उदाहरणासाठी मारुती ८०० ही गाडी घेऊ. १९८३ च्या डिसेंबरमध्ये ती लोकांच्या हाती आली व २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकाशी स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर यांचा एकच उभा खांब असतो. या रचनेस मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. खालच्या बाजूस चाकाचा आधार एका आडव्या हाताला बॉल जॉइंटने जोडलेला असतो. सुकाणूचे चक्र फिरविले की लहान दंतचक्र एका दातेरी दांडीस डावी-उजवीकडे सरकविते. या दांडीच्या दोन्ही टोकांचे टाय रॉड चाकांना वळवितात. टाय रॉडच्या शेवटी असलेला गोळीचा सांधा, म्हणजे टाय रॉड एंड, हा झिजणारा भाग आहे. आणि घरी बदलला जाणारा भागही बहुधा तोच.

हा सांधा झिजला हे कसे ओळखावे? गाडी उचलून टेकूवर ठेवावी. चाकास घड्याळ समजून नऊ व तीन या जागी हात ठेवावेत आणि ते हलवून पाहावे. खडखड जाणवली तर टाय रॉड एंड संशयित ठरतो. बारा व सहा या जागी धरून हलविता खडखड झाली, तर खालचा बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग तपासावे. टायर एकाच कडेस झिजणे, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूस ओढली जाणे, ही आणखी लक्षणे होत.

कामाचा पहिला नियम असा, की जॅक केवळ उचलण्यासाठी असतो. तो निसटू शकतो. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. जमीन सपाट व कठीण असावी. हातब्रेक ओढावा, मागच्या चाकांस लाकडी ठोकळे लावावेत आणि गाडी लोखंडी टेकूंवर नीट बसवावी. विटांचा टेकू करू नये. वीट भाराखाली एकाएकी फुटते. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत.

चाक काढल्यावर आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत व तेल सोडावे. आतल्या बाजूचा लॉक नट सैल करावा. स्प्लिट पिन काढून किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असलेला नट सैल करावा, पण दोन-तीन आट्यांवर ठेवावा, म्हणजे सांधा सुटताना झटका बसणार नाही. मग पुलरने सांध्याची निमुळती खुंटी मोकळी करावी. जुना सांधा फिरवून काढताना फेरे मोजावेत आणि तितकेच फेरे देऊन नवा बसवावा. खाचांचा नट निर्मात्याने सांगितलेल्या जोराने आवळावा. खाच पिनेच्या छिद्रासमोर आली नाही, तर नट आणखी थोडा आवळावा. मागे फिरवू नये. स्प्लिट पिन नेहमी नवीच घालावी.

फेरे मोजले, म्हणून काम पुरे झाले असे नाही. समजा, आट्यांमधील अंतर दीड मिलिमीटर आहे आणि चाक वळविणाऱ्या हाताची लांबी १२० मिलिमीटर. एका फेऱ्याची चूक झाली तर चाकाची दिशा १२० भागांत दीड भाग, म्हणजे सुमारे ०.७ अंश चुकेल. गाडी सरळ चालविताना ही चूक दोन्ही चाकांत वाटली जाते. तरीही प्रत्येक चाक दर किलोमीटरला सुमारे सहा मीटर आडवे घासले जाईल. डोळ्यांस न दिसणारी चूक टायर मात्र विसरत नाही. म्हणून पुढच्या दोन्ही टायरांच्या मध्यावर खडूने खूण करावी. आसाच्या उंचीवर खुणा पुढच्या बाजूस असताना त्यांतील अंतर मोजावे. मग गाडी अर्धा फेरा ढकलून, त्याच खुणा मागच्या बाजूस आल्यावर पुन्हा मोजावे. दोहोंतील फरक पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. हा केवळ अंदाज होय. अखेरचे व्हील अलाइनमेंट यंत्रावरच करून घ्यावे.

बुश बदलताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चाके लोंबकळत असताना बोल्ट पक्के आवळले, तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते. भार चाकांवर आल्यावरच ते पूर्ण आवळावेत. शॉकॲब्सॉर्बर नेहमी जोडीने बदलावेत. एक नवा व एक जुना असेल, तर दोन्ही बाजू सारख्या वागत नाहीत.

घरी न करावयाचे कामही सांगितले पाहिजे. स्ट्रटवरील स्प्रिंग खांबात दाबूनच बसविलेली असते. समजा, ती २०० किलोग्रॅम भाराइतक्या जोराने १० सेंटिमीटर दाबली आहे. तिच्यात साठलेली शक्ती १० किलोग्रॅमचा घण एक मीटर उंचीवरून पडावा इतकी असते. वरचा नट सैल करताच ती क्षणार्धात सुटते. योग्य साधन व अनुभवी माणूस यांवाचून त्या नटास हात लावू नये. नव्या गाड्यांत सुकाणूचा कोन मोजणारी विद्युत्-यंत्रणा व हवेच्या पिशव्या असतात. तेथेही जाणत्याचाच सल्ला घ्यावा.

काम झाल्यावर चाकाचे नट समोरासमोर आवळावेत. मोकळ्या जागी सावकाश गाडी चालवून पाहावी आणि थोड्या अंतरानंतर प्रत्येक नट पुन्हा तपासावा. विद्यार्थिमित्रांनो, पाना कोणासही फिरविता येतो. पण त्या गाडीत उद्या आपलीच आई, आपलीच भावंडे बसणार आहेत. एक स्प्लिट पिन राहून गेली, तर उरलेले सारे काम कितीही सुबक असो, ते व्यर्थ होय.