माळा रिकामा झाला, ओटा तसाच राहिला

सासूबाई नणंदेकडे जालन्याला गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी मी माळ्यावर चढले. 2022 चा मे महिना होता. आमच्या शहरात पाण्यासाठी मोर्चे निघत होते आणि मी भांडी कमी करायच्या हट्टाला पेटले होते. कुठेतरी ऐकलेला नियम डोक्यात बसला होता: सहा महिने ज्याला हात लागला नाही, ते घरात ठेवायचं नाही.

संध्याकाळपर्यंत अंगणात ढीग लागला. तांब्याच्या दोन घागरी, पितळी हंडा, तपेली, परात, काशाच्या चार वाट्या आणि दोन उंच पितळी डबे. मोडवाल्यानं सगळं एकाच पोत्यात भरलं, एकदाच काट्याला लावलं आणि एकच भाव दिला. त्या पैशांतून मी काचेचा डिनर सेट आणला.

पहिला फटका पाण्याचा बसला. जायकवाडी धरण पैठणला, आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. पण तेव्हा नळाला पाणी यायचं कधी पाचव्या दिवशी, कधी आठव्या. एकदा पाण्याच्या दिवशीच नेमकी वीज गेली, मोटार बंद, टाकी कोरडी. नळाची बारीक धार चालू होती आणि तिच्याखाली लावायला घरात मोठं भांडंच नव्हतं. मी कुकर लावला, मग कढई, मग डिनर सेटमधला सूपचा बाऊल. दुसऱ्या दिवशी बाजारातून प्लॅस्टिकचे दोन ड्रम आणले. तांबं विकून प्लॅस्टिक विकत घेणारी शहाणी ती मीच.

दुसरा फटका 3 सप्टेंबरला. महालक्ष्म्यांचं आवाहन होतं. मुखवटे पुसून झाले, साड्या काढल्या, तेव्हा जालन्याहून परतलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते डबे काढ खाली. एकात गहू भरू, एकात तांदूळ." त्याच डब्यांवर आमच्या घरी महालक्ष्म्या उभ्या राहत. मी खरं काय ते सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग एवढंच विचारलं, "झाकणं तरी राहिलीत का?"

राहिली होती. माळ्याच्या कोपऱ्यात, जुन्या चादरीखाली. एकावर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं: "मामाकडून, 1974." मग शेजारच्या काकूंच्या स्टीलच्या डब्यांवर आमची पितळी झाकणं ठेवली आणि त्यांवर मुखवटे बसवले.

तेव्हा नियमातली खोट कळली. भाद्रपदात लागणारी वस्तू मे महिन्यात मोजली, तर तिला आठ महिने हात लागलेला नसणारच. आपल्या घराचं वर्ष सणांनी चालतं. भांड्यांचा हिशेबही पाडव्यापासून पाडव्यापर्यंतच करायला हवा.

आणि एवढं करून सिंकमधला ढीग काही कमी झाला नव्हता. एका रविवारी मी ओटा आणि फडताळ मोजायला घेतलं. घरात माणसं पाच. पेले 32, वाट्या 41, चमच्यांची तर मोजणीच सोडली. झाकण हरवलेले डबे वेगळे. यातलं निम्मं संक्रांतीच्या वाणातून आलेलं. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला जायचं आणि प्रत्येक घरून एक वाटी, एक गाळणी, एक डबी घेऊन यायचं. उरलेलं लग्नांच्या आहेरातलं आणि मिठाईच्या रिकाम्या डब्यांतलं. स्वच्छ पेला हाताशी असला की उष्टा पेला कुणी विसळत नाही, दुसरा घेतो. म्हणजे जेवढे पेले, तेवढं खरकटं आणि तेवढं पाणी. आठ-आठ दिवस नळाची वाट पाहणाऱ्या शहरात आम्ही पाणी पेल्यांवर ओतत होतो. अडगळ ओट्यावर होती आणि मी माळा उपसला होता.

म्हणून सांगते, सुरुवात रोजच्या भांड्यांपासून करा. माणशी एक ताट, दोन वाट्या, एक पेला आणि वर दोन पाहुण्यांचं. बाकी सगळं खोक्यात भरून महिनाभर बाजूला ठेवा. महिन्यात जे मागायची वेळ आली नाही, ते देऊन टाका. आमचे 32 पेले सातवर आले. आधी चार दिवस कुरकुर झाली, मग ज्याचा तो पेला विसळू लागला.

पाणी साठवायची भांडी मात्र आमच्यासारख्या शहरात शेवटपर्यंत काढू नका. पितळेचं एक तपेलं ठेवायचं तर कल्हई करून ठेवा. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकतो, कथील फिरवतो आणि कापसाच्या बोळ्यानं पुसत आतून चांदीसारखं करतो. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, कढी, चिंचेची आमटी कळकते. ती पोटात जाऊ देऊ नये.

मोडीत द्यायचंच असेल तर धातू वेगळे करा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. कथील जस्तापेक्षा महाग. काशाच्या वाटीला टिचकी मारा, नाद घुमत राहतो. माझ्या चार वाट्या पितळेच्या भावात गेल्या. काळी पडलेली जुनी डबी दिसली तर आधी घासून बघा. आमच्या शहरात बिदरीकाम होतं आणि त्या काळ्या धातूत चांदीची नक्षी बसवलेली असते. दोन-तीन दुकानी भाव विचारा. कोरलेलं नाव वाचल्याशिवाय भांडं पोत्यात टाकू नका.

हळदीकुंकवाला मी आता गूळ नाहीतर तीळ लुटते. खाल्लं की संपतं, कुणाच्या फडताळात जाऊन बसत नाही.

आणि एक शेवटचं. घरातलं थोरलं माणूस गावाला गेलंय म्हणून माळ्यावर चढू नका. ते परत आलं की त्यालाच खाली पाट टाकून बसवा, एकेक भांडं हातात द्या आणि विचारा, "आई, हे कशाला लागतं?" निम्मी भांडी तेच काढायला सांगेल.