नको असलेली पत्रे

मुलांनो, तुमच्या आईच्या फोनवर रोज ईमेल येतात. कधी शाळेची सूचना, कधी लंडनच्या मावशीचे फोटो. त्यांतच एखादे अनोळखी पत्र असते. ते इंग्रजीत असते किंवा फ्रेंचमध्ये. "अभिनंदन! तुम्हांला लॉटरीत दहा लाख रुपये मिळाले!" आईने तर लॉटरीचे तिकीट घेतलेलेच नसते. मग बक्षीस कसे लागेल?

अशा पत्रांना 'स्पॅम' म्हणतात. खरे तर हे डब्यातल्या मांसाचे नाव. १९७० साली इंग्लंडच्या टेलिव्हिजनवर एक विनोदी नाटुकले झाले. त्यात 'स्पॅम, स्पॅम' असा इतका गोंगाट होता, की दुसरे काही ऐकूच येईना! नको असलेल्या पत्रांच्या गर्दीत कामाचे पत्रही असेच हरवते.

३ मे १९७८ रोजी अमेरिकेत एका संगणक कंपनीच्या माणसाने सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात पाठवली. पुष्कळ जण रागावले. पण ही युक्ती इतरांनीही उचलली. पोस्टाच्या पत्राला तिकीट लागते, ईमेलला लागत नाही. लाखो पत्रे पाठवून दोघेच फसले, तरी ठकाचा फायदाच होतो.

"मला पत्र पाठवू नका," असे त्याला लिहावेसे वाटेल. पण लिहू नका. उत्तर गेले, की हा पत्ता चालू आहे हे त्याला कळते. मग आणखी पत्रे येतात. त्यातल्या लिंकला बोट लावू नका, जोडलेली फाईल उघडू नका. पासवर्ड तर कोणालाच सांगू नका. पत्र आईला दाखवा. तिने 'स्पॅम' अशी खूण केली, की तसली पत्रे वेगळ्या कप्प्यात जाऊ लागतात.

कधी कधी चांगले पत्रही चुकून त्या कप्प्यात जाते. मावशीचे फोटो आले नाहीत, तर तिथेही शोधा.