सरकारी खातं करतं तरी काय?



गटसभेला आम्ही आलो की हा प्रश्न ठरलेला. अमेरिकेत मायकेल लुइस या लेखकाने तोच धरला. २०१६ च्या निवडणुकीनंतर तिथे सरकार बदललं. नव्या मंडळींना कारभार समजावून देण्याची खात्यांनी जय्यत तयारी ठेवली होती. पण कित्येक ठिकाणी ऐकायला फारसं कोणी फिरकलंच नाही. तेव्हा लुइस स्वतः जाऊन जुन्याजाणत्या कर्मचाऱ्यांपुढे बसला. २०१८ साली त्याचं 'द फिफ्थ रिस्क' हे पुस्तक निघालं.

नावावरून खातं कळत नाही, हे त्यात चांगलं उमगतं. ऊर्जा खातं म्हणजे वीज-तेल असं आपण म्हणणार. अण्वस्त्रं सांभाळण्याचं कामही त्याच्याकडेच. शेती खात्याचा निम्म्याहून जास्त पैसा गरिबांच्या अन्नमदतीवर जातो. जंगलातले वणवे विझवणारी माणसंसुद्धा त्याचीच! आणि हवामान विभाग व्यापार खात्यात. उपग्रह, रडार सरकारी खर्चाचे. त्याच माहितीवर खाजगी कंपन्या अंदाज विकतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं टीव्हीवालाच हुशार.

आपलंही तसंच आहे बघा. उसाच्या एफआरपीची शिफारस कृषी मंत्रालयाचा आयोग करतो, मंजुरी दिल्लीचं मंत्रिमंडळ देतं, आणि थकलेल्या बिलावर कारवाई पुण्याचे साखर आयुक्त करतात. दर कमी वाटला म्हणून फडावर आलेल्या स्लीपबॉयला फैलावर घेतलं, तर तो बिचारा काय सांगणार?