भिंतीला कामाला लावताना

१. भिंतीकडूनही काम करून घेता येतं, हे मनाला पटायला मला वेळ लागला. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली. पलीकडचा हजीरा भाग आणि आमच्यामध्ये किल्ल्याचा सुमारे १०० मीटर उंच डोंगर. सिग्नल कुठे अडतो हेच आम्ही वर्षानुवर्षं मोजत आलो. २८ गिगाहर्ट्झच्या लहरीला तर एखादी जाड दगडी भिंतही पुरते.

२. भिंतीवर लावून लहर हवी तिकडे वळवणारं पॅनल जवळून पाहिल्यावर त्याचा साधेपणाच भावला. पाटीवर तांब्याच्या चौकोनी तुकड्यांच्या रांगा, प्रत्येकाला एक डायोड. तो चालू की बंद, यावर परतणाऱ्या लहरीची कला (फेज) ठरते. साऱ्या लहरी रिसीव्हरपाशी एका तालात पोचल्या की पडद्यावरचं शिखर झपकन उचलतं. तुकडे दुप्पट केले की शक्ती चौपट! दोनच कलांवर भागवलं तरी तोटा सुमारे ४ डेसिबलचा. पॅनल मोठं करून हा तोटा भरून काढता येतो.

३. आकारापेक्षा जागा मोठी. पॅनल टॉवर आणि फोनच्या बरोबर मध्ये असावं, असं कुणालाही वाटेल. पण इथे दोन्ही टप्प्यांतल्या घटीचा गुणाकार होतो. एकूण वाट २०० मीटरची धरा. मध्यावर १०० गुणिले १००, म्हणजे १०,०००. एका टोकापासून २० मीटरवर २० गुणिले १८०, म्हणजे फक्त ३,६००. या दोन गुणाकारांच्या गुणोत्तराचा वर्ग करा: मोकळ्या हवेच्या हिशेबात टोकाजवळ जवळपास पावणेआठपट शक्ती. मधली जागा सर्वांत वाईट! आता गल्लीच्या तोंडाशी आले की माझी नजर आपसूक कोपऱ्यावरच्या भिंतीकडे जाते.

४. पॅनलला कान नसतात. लहर कुठून, कशी येते हे त्याला स्वतःला मोजता येत नाही. तुकड्यागणिक चाचणी-संकेत पाठवून ते दुसऱ्या टोकाला काढावं लागतं. तोवर स्कूटरवाला वळण पार करून गेलेला असतो. म्हणून शोधनिबंध हाती आला की ‘चॅनल पूर्ण ज्ञात आहे’ असं गृहीत धरलंय का, हे मी आधी शोधते.

५. पॅनलची तुलना सिग्नल पकडून पुन्हा पाठवणाऱ्या रिलेशी हवीच. एमिल ब्यॉर्नसन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं, की चांगल्या रिलेला मागे टाकायला शेकडो तुकडे लागतात. तरीही आमच्या महाराज बाडा चौकामागच्या अरुंद गल्ल्यांसाठी माझा जीव याच पॅनलवर आहे. प्रवर्धक नाही, वीज नाममात्र. विद्यार्थ्यांना एवढंच सांगते, की पॅनलच्या आलेखावरच रिलेचीही रेघ काढा.